माडीवरची न्हाणी : आधी लाकूड, मग लादी



या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यातलं एकच पत्र घेतलं आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येण्यासारखं नाही. शिवाय जुनं लाकडी माडीचं घर किंवा वाडा ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्या सगळ्यांनाच हा प्रश्न कधी ना कधी पडतो.

पत्र आहे जित्याचं. पनवेलहून रोह्याकडे जाताना आपटा सोडलं की पुढचं स्थानक जिते, मग हमरापूर, मग पेण. या भगिनीचं घर जुनं, कौलारू, माडीचं. खाली सासू-सासरे, माडीवर ती, तिचे यजमान आणि दोन मुलं. न्हाणी मागच्या परसात. ती लिहिते, "पावसाळ्यात रात्री धाकट्याचं अंथरूण ओलं झालं, की त्याला कडेवर घेऊन जिना उतरायचा, मागची पडवी ओलांडायची आणि छत्री धरून न्हाणीत जायचं. म्हणून माडीच्या कोपऱ्यात पाच फूट बाय सहा फुटांची न्हाणी करायची ठरवली आहे. जमीन फळ्यांची आहे. गवंडी म्हणतो, 'वहिनी, काय होत नाय. फळ्यांवर प्लास्टिक अंथरतो, दोन इंच माल टाकतो, वर लादी बसवतो. गणपतीच्या आत न्हाणी तुमच्या हातात.' सासूबाई म्हणतात, 'लाकडावर पाणी खेळवू नये. घर खातं ते.' आणि त्यांची खाट नेमकी त्याच कोपऱ्याखाली आहे. मी कुणाचं ऐकू?"

भगिनी, तुमचं खरं आहे आणि सासूबाईंचंही खरं आहे. गवंडीदादांचं मात्र या बाबतीत ऐकू नका. ते त्यांच्या कामात वाकबगार असतील, पण त्यांनी सांगितलेली रीत जमिनीवरच्या न्हाणीची आहे, दगड-विटांच्या पायावरची. लाकडी जमिनीची रीत वेगळी. त्यात लादी बसवणं हे शेवटचं आणि सगळ्यांत सोपं काम. खरं काम लादीच्या खाली असतं, आणि एकदा लादी बसली की ते कुणाला दिसत नाही. म्हणूनच ते आधी समजून घ्यायचं.

सासूबाईंचं काय खरं?

आपल्या जुन्या माणसांनी न्हाणी परसात का ठेवली? जागा कमी होती म्हणून नव्हे. खाली दगड, बाजूला उतार, पाणी आपोआप अळवाला, केळीला, माडाला जायचं. घराच्या लाकडाला त्याचा थेंब लागत नसे. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आभाळातून इतकं पाणी येत असताना घरातल्या लाकडाला आणखी पाणी कोण पाजील?

लाकूड कुजतं ते बुरशीमुळे. आणि बुरशीला लागते ओल. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली, तर बुरशीचं फारसं काही चालत नाही. कौलं शाबूत, वारा खेळता, असं असलं की सागाची, ऐनाची लाकडं शंभर-शंभर वर्षं टिकतात ती त्यामुळेच. पण त्याच लाकडाला रोज थोडं थोडं पाणी मिळालं आणि ते वाळायला वाव राहिला नाही, तर काही वर्षांत त्याचा भुसा होतो. ओल्या लाकडाच्या मागावर वाळवीही येते.

याचा दाखला मुंबईत पाहावा. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी या भागांतल्या कितीतरी जुन्या इमारती लाकडी तुळयांच्या आणि फळ्यांच्या. त्यांची अवस्था इतकी बिकट झाली की, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली खास कायदा करावा लागला आणि दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. ते मंडळ आता म्हाडाचा भाग आहे. अशा इमारतीत राहिलेल्या कुणालाही विचारा, लाकूड आधी कुठं जातं? मोरीपाशी आणि संडासापाशी. वरून फरशी चकचकीत दिसते, आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला डाग पडत असतो.

तेव्हा सासूबाई जुनाट बोलताहेत असं मनात आणू नका. त्या अनुभवाचं बोलताहेत. फक्त त्यांच्या वेळी पाणी अडवण्याची साधनं नव्हती, ती आज आहेत. ती नीट वापरली, तर तुमची सोयही होईल आणि त्यांचा शब्दही राहील.

लादी म्हणजे वाळलेला पापड

पेणच्या पापडांच्या मुलखात ही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागू नये. पापडाची लाटी हातात वाकवली तर वाकते. तोच पापड वाळला, की वाकवताक्षणी मोडतो. लादी हा वाळलेला पापड आहे, आणि लाकूड ही लाटी. लाकडाला वाकण्याची सवय असते. माणूस चालला की कडी किंचित लवते, माणूस गेला की वर येते. लादीला हे चालत नाही. ती लवत नाही, ती तडकते. आधी दोन लाद्यांमधली सांध भेगाळते, त्या भेगेतून पाणी खाली जातं, आणि मग वर सांगितलेला कारभार सुरू होतो.

दुसरी हालचाल ऋतूंची. पावसाळ्यात दारं फुगून घासायला लागतात आणि उन्हाळ्यात त्यांच्यात फटी पडतात, हे आपण दरवर्षी पाहतो. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. जमिनीच्या फळ्याही तेच करतात. शेजारच्या दोन फळ्या उन्हाळ्यात एकमेकींपासून दूर सरकल्या, आणि त्या दोघींवर मिळून एक लादी घट्ट चिकटवलेली असली, तर तिनं काय करावं?

म्हणून लाकडी जमिनीवर लादी बसवण्याची सगळी तयारी म्हणजे दोनच गोष्टी : जमीन हलू नये, आणि लाकडाला पाणी कळूही नये. खाली जे जे सांगितलं आहे, ते या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी तपासणी

आपल्या माडीचा एक मोठा फायदा आहे. खालच्या खोलीत उभं राहून वर पाहिलं, की कड्या उघड्या दिसतात. (ज्या आडव्या लाकडांवर फळ्या टेकतात, त्या कड्या, आणि कड्यांना आधार देणारी जाड लाकडं त्या तुळया.) तेव्हा भर उजेडाच्या वेळी स्टुलावर चढा, हातात विजेरी आणि गोणपाट शिवायचा दाभण घ्या.

प्रत्येक कडीला दाभण टोचून पाहा. चांगल्या लाकडात तो टोकापुरताच शिरतो आणि ओढायला जोर लागतो. लोण्यात सुरी जावी तसा अर्धा इंच आत गेला, तर तिथं लाकूड मेलेलं आहे. कडीची टोकं भिंतीत जिथं शिरतात तिथं जास्त टोचा. भिंतीची ओल तिथंच लागते आणि कूज बहुधा तिथूनच सुरू होते. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर भुंगा. बोटानं ठोकून पाहा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं.

मग वर जा. न्हाणीच्या जागी, दोन आधारांच्या मधोमध, काठोकाठ भरलेला तांब्या जमिनीवर ठेवा, आणि घरातल्या वजनदार माणसाला त्याच्या शेजारून चालायला सांगा. पाण्यावर नुसता शहारा आला तर ठीक. पाणी सांडलं, तांब्या हलला, किंवा फळ्या करकरल्या, तर त्या जमिनीवर लादीचा विचार आज तरी सोडा.

ही झाली घरगुती परीक्षा. मोजमापाची परीक्षा इंजिनिअरची. अमेरिकेत घरंच्या घरं लाकडी सांगाड्याची असतात, त्यामुळे तिथं हा हिशेब पक्का ठरलेला आहे : भार आल्यावर कडीनं आपल्या लांबीच्या ३६० व्या भागाहून जास्त लवू नये. म्हणजे दहा फुटी कडी मध्यभागी तिसरा हिस्सा इंचापेक्षा, साधारण आठ मिलिमीटरपेक्षा, जास्त खाली जाता कामा नये. कडाप्पा, शहाबादी किंवा संगमरवर बसवायचा असेल, तर त्याच्याही निम्मं. तुमच्या कड्यांची लांबी, रुंदी, उंची आणि दोन कड्यांमधलं अंतर कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठा. त्यांना एकदा घर पाहायला बोलावलं तर उत्तमच. ही फी वाचवू नका. लादी दोन रुपयांनी स्वस्त घ्या हवी तर, पण हा खर्च टाळू नका.

कड्या कमी पडल्या म्हणजे सगळं संपलं असं नाही. चांगल्या कडीला तिच्याच उंचीची दुसरी कडी चिकटून बोल्टांनी आवळली, की ताकद दुप्पट होते. कड्यांच्या खालून मध्ये एक आडवी तुळई दिली आणि ती दोन खांबांवर टेकवली, तर त्याहून चांगलं. कडीची मोकळी लांबी निम्मी झाली, की तेवढ्याच दाटीच्या भाराखाली ती जवळजवळ सोळापटीनं कमी लवते. खालच्या खोलीत खांब येतो हे खरं, पण तो भिंतीलगत किंवा कपाटाशेजारी बसवता येतो.

आणि कड्यांची टोकं सडलेली निघाली, तुळईतच वाळवी निघाली, तर माडीवरच्या न्हाणीचा नाद सोडावा. त्यापेक्षा घराला लागून, खालून स्वतःचे खांब घेऊन, माडीच्या उंचीला बाहेर काढलेली काँक्रीटची छोटी न्हाणी बरी. तिचा भार जुन्या लाकडावर येत नाही आणि जिनाही उतरावा लागत नाही. खर्च जास्त होईल, पण झोप नीट लागेल.

वजनाचा हिशेब

आता गवंडीदादांच्या दोन इंच मालाचं पाहू. पाच बाय सहा म्हणजे तीस चौरस फूट. त्यावर दोन इंच सिमेंट-वाळूचा माल म्हणजे पाच घनफूट. त्याचं वजन भरतं तीनशे किलोच्या आसपास. वर लादीचे पन्नास किलो. न्हाणीत पाण्याचा पिंप ठेवणार असाल, तर २०० लिटरच्या भरलेल्या पिंपाचे आणखी २०० किलो. आणि आडोशासाठी दोन बाजूंनी चार इंची विटांची भिंत उचलली, तर सात फूट उंचीला तिचंच वजन दीड टनाच्या वर जातं. एवढं सगळं त्या कोपऱ्यातल्या चार-पाच कड्यांवर, आणि खाली सासूबाईंची खाट!

म्हणून तीन गोष्टी ठरवून टाका. मालाचा थर नाही. विटांची भिंत नाही. हलका सांगाडा उभा करून त्याला सिमेंटचे बोर्ड. आणि पिंप माडीवर नाही. पाण्याची टाकीही या न्हाणीच्या डोक्यावर नको, ती वेगळ्या आधारावर ठेवावी. कपडे धोपटण्याचं काम खालच्या दगडावरच राहू द्या. धुण्याचं यंत्रही खालीच बरं, कारण त्याच्या थरथरीनं सांधे सुटतात.

माल नको तर लादीखाली काय? खाली मरीन प्लायवुड आणि त्यावर सिमेंट बोर्ड. या दोन्हींचं मिळून वजन शंभर किलोच्या आत राहतं. तीनशेच्या जागी शंभर, आणि मजबुती जास्त.

गणपतीची घाई नको

कोकणात घरातलं प्रत्येक काम "गणपतीच्या आत" व्हायला हवं असतं. रंग, पडदे, भांड्यांना कल्हई, सगळं ठीक. हे काम मात्र गणपतीच्या आधी काढू नये. श्रावण-भाद्रपदात लाकूड ओलीनं फुगलेलं असतं. त्या फुगलेल्या लाकडावर सगळं घट्ट बसवलं, की माघ-फाल्गुनात ते आकसतं आणि वरच्या थराला ओढ बसते. शिवाय आतली ओल वरून कोंडली जाते ती वेगळीच.

दिवाळी होऊ द्या. एक-दीड महिना कोरडी हवा लाकडाला मिळू द्या. मग डिसेंबर ते मार्च या दिवसांत काम काढा. प्लायवुड आणून चार-पाच दिवस त्याच माडीवर, मध्ये पट्ट्या घालून, आडवं रचून ठेवा. म्हणजे ते घरच्या हवेला सरावतं. गणपतीला पाहुणे यंदा परसातल्याच न्हाणीत जातील, पुढच्या वर्षी माडीवर!

काम कसं करून घ्यावं

या कामाला आधी सुतार लागतो, मग नळवाला, आणि सगळ्यांत शेवटी गवंडी. क्रम उलटा करू नका.

पहिलं, न्हाणीच्या जागेपुरत्या जुन्या फळ्या काढून घ्या. सागाच्या फळ्या टाकू नका, त्यांचं सुरेख फडताळ होतं. फळ्या निघाल्या की कड्यांचे माथे दिसतात. तिथं पुन्हा दाभण चालवा. जुने खिळे उपटा, शेणामातीचा, तेलाचा थर खरवडून काढा. कडीला जोड द्यायची ती आता द्या. दोन कड्यांच्या मध्ये दर दीड-दोन फुटांवर आडवे ठोकळे घट्ट बसवा, म्हणजे कड्या कुशीवर वळत नाहीत. वाळवीचं औषध मारायचं ते जाणकाराकडून आताच मारून घ्या, आणि ते पूर्ण वाळू द्या. मुलांना त्या दोन दिवसांत माडीवर फिरकू देऊ नका.

दुसरं, उतार. जमिनीवरच्या न्हाणीत गवंडी मालातून उतार काढतो. इथं माल नाही, म्हणून उतार सुतारानं लाकडातून काढायचा. प्रत्येक कडीच्या माथ्यावर पाचरीसारखी निमुळती पट्टी बसवायची. फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच उतार पुरे. पाच फुटांच्या लांबीत एका टोकाला सव्वा इंच उंची येईल. उतार दारापासून दूर आणि बाहेरच्या भिंतीकडे हवा.

तिसरं, नळवाला. नळवाल्याला कड्या म्हणजे आपल्या वाटेतला अडथळा वाटतो, आणि करवत त्याच्या पिशवीत असतेच. त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथं उभ्या राहा. पाइप दोन कड्यांच्या मधून जाईल असाच आखून घ्या. कडीला खाच पाडायची नाही म्हणजे नाही. जमिनीतल्या त्या जाळीच्या भांड्याला दुकानात "नहाणी ट्रॅप" म्हणतात. आपल्या न्हाणीवरूनच आलेला शब्द तो! त्यात निदान दोन इंच पाणी साचून राहील असा खोल ट्रॅप घ्या, म्हणजे वास आणि किडे वर येत नाहीत. ट्रॅप बाहेरच्या भिंतीलगत आणि पाइप सरळ बाहेर. खोलीच्या छताखालून लांबवर पाइप फिरवू नका.

चौथं, प्लायवुड. १९ मिलिमीटर जाडीचं मरीन प्लाय घ्या. फळीवर "आयएस ७१०" असा शिक्का असतो, तो पाहूनच घ्या. साधं प्लाय कितीही चांगलं दिसलं तरी इथं नको. तक्त्याची लांब बाजू कड्यांना आडवी यावी आणि तक्त्यांची टोकं कडीच्या माथ्यावरच मिळावीत. दोन तक्त्यांमध्ये एक सूत फट ठेवा, भिंतीजवळ दोन सूत. ही फट म्हणजे आळस नव्हे. लाकडाला फुगायला ती जागा लागते. खिळे नकोत, दोन इंची स्क्रू, दर सहा इंचांवर, आणि गंजणार नाहीत असे. खिळा काही महिन्यांनी सैल होतो आणि मग जमीन बोलायला लागते. तक्त्यांच्या कापलेल्या कडांना रंगाचा प्रायमर आधीच लावून घ्या. प्लाय पाणी पितं ते कडांनी.

पाचवं, सिमेंट बोर्ड. हा १२ मिलिमीटरचा फायबर सिमेंटचा तक्ता पाण्यानं फुगत नाही आणि लादी त्याला नीट धरते. प्लायवर दातेरी थापीनं टाइल अ‍ॅडहेसिव्ह पसरायचं, ते ओलं असतानाच बोर्ड त्यावर दाबून बसवायचा, म्हणजे खाली पोकळी राहत नाही. मग सव्वा इंची स्क्रू. ते फक्त प्लायमध्ये शिरावेत, कडीत नव्हे, म्हणजे कडीची हालचाल थेट वर पोचत नाही. बोर्डाचे सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. विटा रचताना सांधमोड करतात तशी इथंही करायची. सांध्यांवर काचतंतूंची जाळीची पट्टी लावून त्यावर अ‍ॅडहेसिव्हचा हात फिरवायचा.

सहावं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वॉटरप्रूफिंग. इथं एक फरक लक्षात घ्या. परदेशी पुस्तकांत लाकडी न्हाणीघराची जी कृती असते, ती टबात आंघोळ करणाऱ्यांची. त्यांची जमीन बहुतेक कोरडीच असते. आपण बादली-तांब्यानं आंघोळ करतो. पाणी भिंतीवर, दारावर, कोपऱ्यांत सगळीकडे उडतं. तेव्हा आपली सबंध न्हाणी ओली धरायची आणि सबंध न्हाणीला लेप द्यायचा. बाजारात पावडर आणि द्रव असे दोन भाग मिसळून लावायचे लवचिक लेप मिळतात. त्यांचे दोन हात, एक उभा, एक आडवा. पहिला वाळल्यावरच दुसरा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपच्या भोवती लेपात कापडी जाळी बसवून घ्यायची, कारण गळती तिथंच होते. भिंतीवर सगळीकडे निदान एक फूट, आणि आंघोळीच्या बाजूला सहा फूट उंचीपर्यंत. दाराशी तीन-चार इंचांचा उंबरा हवा, आणि लेप त्या उंबऱ्यावरूनही चढवायचा. उंबरा विसरला, तर सगळी मेहनत दारातून वाहून जाते.

गवंड्यानं सुचवलेलं प्लास्टिक का नको, तेही सांगते. मालाखालचं प्लास्टिक स्क्रूनं, कोपऱ्यात, पाइपापाशी कुठंतरी फाटतंच. मग वरचं पाणी त्या भोकातून खाली जातं, पण वाळायला वर येऊ शकत नाही. लाकूड कोंडून कुजतं.

पाण्याची परीक्षा

लेप कंपनीनं डब्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत पुरता वाळला, की लादी बसवण्याआधी परीक्षा. सासूबाईंची खाट आधी हलवा. ट्रॅपचं तोंड बोळ्यानं घट्ट बंद करा, आणि न्हाणीत इंचभर पाणी भरून ठेवा. उतारामुळे वरच्या बाजूला कमी राहील, ते चालेल. खाली जमिनीवर कोरडे वर्तमानपत्राचे कागद पसरा. दोन दिवस पाणी तसंच राहू द्या. सकाळ-संध्याकाळ कागद पाहा, कड्यांना हात लावून पाहा. एका थेंबाचाही डाग पडला, तर शोधून पुन्हा लेप आणि पुन्हा परीक्षा. गवंडी कुरकुरेल, "दोन दिवस खोटी होतात" म्हणेल. होऊ द्या. लादी बसल्यावर हीच गळती काढायला सगळी न्हाणी फोडावी लागते.

परीक्षा उतरली की मग लादी. फूटभर किंवा त्याहून लहान, खरखरीत पृष्ठभागाची घ्या. मोठी गुळगुळीत लादी उतारावर नीट बसत नाही आणि ओली झाली की म्हाताऱ्यांना, मुलांना पाडते. ती मालावर नव्हे, लवचिक अ‍ॅडहेसिव्हनंच चिकटवा. पुड्यावर "आयएस १५४७७" हा क्रमांक असावा. जमीन आणि भिंत जिथं मिळते त्या सांधेत सिमेंट भरू नका, सिलिकॉन भरा. तिथं हालचाल होणारच, आणि सिमेंट तडकणारच.

दोन गोष्टी कायमच्या

एक. न्हाणीखालच्या छताला खोटं छत लावू नका, तेलरंग देऊ नका. कड्या उघड्या राहू द्या. त्यांना वारा लागेल, आणि कधी गळती झालीच तर पहिल्याच आठवड्यात दिसेल. छत झाकलं, की दिसायला पाच वर्षं लागतात, तीही छत कोसळताना. दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याला घर झाडताना, एकदा दाभण हातात घेऊन त्या कड्या टोचून पाहायचा नेम ठेवा. आणि न्हाणी वापरून झाली की दार-खिडकी उघडी ठेवा. पाण्याची बादली रात्रभर भरून ठेवू नका.

दोन. खाटेची जागा बदला. सगळं नीट झालं तरीही. आजारी किंवा वयस्क माणसाचं अंथरूण पाण्याच्या खोलीखाली नसलेलं बरं. सासूबाईंना खिडकीपाशी उजेडाची, वाऱ्याची जागा द्या, आणि ती न्हाणीचं काम सुरू व्हायच्या आधी द्या. त्यांना काम पाहायलाही बोलवा. दाभण टोचताना, पाण्याची परीक्षा घेताना त्या शेजारी असू द्यात. लाकूड कसं वाजतं हे त्यांच्याइतकं घरात कुणाला कळणार? ज्या माणसाला भीती वाटते, त्यालाच राखणीला बसवलं, की भीतीचा उपयोग होतो.

हा अंक जपून ठेवा. कामाच्या दिवसांत भिंतीला टाचून ठेवता येईल असा थोडक्यात क्रम देते :

दाभण आणि तांब्या यांची परीक्षा. इंजिनिअरचा सल्ला. दिवाळीनंतर आरंभ. फळ्या काढून कड्यांची दुरुस्ती. उताराच्या पट्ट्या. ट्रॅप आणि पाइप. मरीन प्लाय, सांध्यांत एक सूत फट. सिमेंट बोर्ड. लेपाचे दोन हात. दोन दिवस पाणी. आणि मग लादी.

यातली एखादी पायरी कुणी "वहिनी, ही नाही केली तरी चालतं" म्हणून गाळायला निघालं, तर त्याला प्रेमानं चहा द्या आणि ती पायरी त्याच्याकडून करूनच घ्या.